घटनाकारांचा धर्म आणि घटनेचा धर्म



आजचा विषय एका प्रश्नातून आला आहे आणि तो प्रश्न हल्ली आपल्याला सगळीकडे ऐकू येतो. "देश उभा करणारी माणसं बहुतेक हिंदूच होती ना? मग देश हिंदूच झाला की!" ऐकायला सोपं वाटतं. म्हणूनच जरा थांबून पाहायला हवं.

हा वाद काही आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत तो दोनशे वर्षं चालू आहे. तिथे विचारतात, आमचे राष्ट्रनिर्माते ख्रिस्ती होते का? गंमत अशी की पुरावा दोन्ही बाजूंना सापडतो. बहुतेक मंडळी ख्रिस्ती घरात वाढलेली, पण जेफरसनने बायबलमधले चमत्कार कापून काढून स्वतःपुरती वेगळी प्रत तयार केली. १७८७च्या त्यांच्या घटनेत तारीख 'प्रभूच्या वर्षी' अशी लिहिली आहे, पण त्याच घटनेचं सहावं कलम सांगतं की सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा कधीही घेतली जाणार नाही. आणि १७९७मध्ये त्रिपोलीशी केलेल्या तहात त्यांनी लिहून दिलं की अमेरिकेचं सरकार ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभं नाही.

म्हणजे काय, तर इथे दोन वेगळे प्रश्न एकात कालवले जातात. त्या माणसांची श्रद्धा काय होती, हा पहिला. आणि त्यांनी जे घर बांधलं त्यात राहायला ती श्रद्धा असणं ही अट होती का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

आपल्या वऱ्हाडचंच जुनं उदाहरण घ्या. इथून पन्नासेक किलोमीटरवर अचलपूर आहे. १४९०च्या सुमारास तिथे इमादशाही स्थापन झाली. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू. लढाईत मुसलमानांच्या हाती लागला, त्यांच्यात वाढला आणि पुढे वऱ्हाडचा सुलतान झाला. गाविलगडावर गेलात तर दिल्ली दरवाजा जरूर पाहा. त्यावर गंडभेरुंड कोरलेला आहे, विजयनगरशी नातं सांगणारा दोन तोंडांचा पक्षी. आता सांगा, वऱ्हाडच्या या राज्याच्या संस्थापकाचा धर्म कोणता? आणि सांगितलात, तरी त्यावरून त्या राज्यातल्या शेतकऱ्याबद्दल तुम्हाला काय कळलं?

आता विसाव्या शतकात येऊ. 'संस्थापक हिंदू होते' हे वाक्य कुठे अडखळतं, ते याच अमरावतीत १९२७मध्ये दिसलं. अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची हाक दिली गेली. त्या नोव्हेंबरमध्ये इथल्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख प्रवेशाच्या बाजूने पुढे उभे राहिले. देवस्थानच्या बाजूला दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी, १८९७च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. वाटाघाटींसाठी वेळ मागितला गेला आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला.

बघा हं, खापर्डे हिंदू, पंजाबरावही हिंदू. आणि ज्यांना पायरीवर थांबवलं होतं, त्यांनाही खानेसुमारी हिंदूच म्हणत होती. एकच शब्द दरवाजाच्या आत, दरवाजात आणि दरवाजाबाहेर अशा तीन ठिकाणी उभा होता. मग 'हिंदूंनी देश घडवला' असं म्हणताना आपण यातला कोणता हिंदू धरतो? बाबासाहेबांनी १९३५मध्ये येवल्याला जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. तेच पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि १९५६मध्ये नागपुरात बौद्ध झाले. त्यांना कुठल्या रकान्यात मोजायचं?

आता संविधानसभा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून तिथे गेलेली मंडळी पाहा. अमरावतीचे पंजाबराव, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, यवतमाळचे वकील काझी सय्यद करीमुद्दीन, नागपूरचे दलित नेते हे. जे. खांडेकर, आणि आर. के. सिधवा, जे पारशी होते. एका प्रांताची ही यादी, तीसुद्धा पुरी नाही.

यात पंजाबरावांवर मला जरा थांबायचं आहे. आपण त्यांना शिक्षणमहर्षी म्हणतो, शिवाजी शिक्षण संस्था म्हणतो, अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. हे सगळं खरं. पण आणखी दोन गोष्टी आहेत. एक, त्यांची ऑक्सफर्डची डॉक्टरेट वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगम-विकासावर होती. धर्म हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आणि दुसरी, ऑगस्ट १९४९मध्ये नागरिकत्वाच्या चर्चेत त्यांनी एक दुरुस्ती मांडली. जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा, अशी ती दुरुस्ती. पाकिस्तान मुसलमानांसाठी झाला, मग हिंदू-शिखांनी आपलं घर म्हणून कुठे पाहायचं, असा त्यांचा सवाल होता. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. तो सवाल हवेतून आलेला नव्हता.

काही जण म्हणतील, पंजाबरावांच्या गावात हे कशाला काढता? मी म्हणतो, इथेच काढायला हवं. आपल्या थोर माणसाचं अर्धंच चरित्र वाचणं हा त्याचा मान नव्हे. अंबादेवीचा दरवाजा उघडा म्हणणारा माणूस आणि नागरिकत्वाच्या दारावर धर्म लिहू पाहणारा माणूस एकच होता.

पण पुढे काय झालं, ते महत्त्वाचं. सभेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. घटनेच्या पाचव्या कलमात अधिवास आहे, जन्म आहे, आईबापांचा जन्म आहे, पण धर्म नाही. फाळणीत आलेल्या-गेलेल्यांसाठी सहावं-सातवं कलम झालं, त्यांतही 'हिंदू' किंवा 'मुसलमान' हा शब्द नाही. म्हणजे संस्थापकाचं मत एक होतं आणि संस्थापकांचा निर्णय दुसरा होता. आपल्यावर बंधन आहे ते निर्णयाचं.

दुसरा प्रसंग १७ ऑक्टोबर १९४९चा. उद्देशिकेवर चर्चा चालू आहे, खुर्चीत राजेंद्रबाबू. एच. व्ही. कामत उठले. हेही आपल्याच प्रांतातून निवडून गेलेले. त्यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. लक्षात घ्या, कामतांचा ईश्वर काही एका धर्माचा नव्हता. तरी विरोध झाला. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, ईश्वरच का, देवी का नको? (हशा) हसता काय, अंबानगरीच्या लोकांनी तर त्यांना टाळ्या द्यायला हव्यात! त्रावणकोरचे थाणू पिल्लै स्वतः आस्तिक. त्यांचं म्हणणं असं, की देव मानायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, घटनेत घातलं तर ती सक्ती होते. हृदयनाथ कुंझरूंना वाटलं की इतक्या आतल्या भावनेवर चर्चा करायची वेळच यायला नको होती. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवाला मतदानाला लावू नका. कामत मागे हटले नाहीत. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८.

या ६८ जणांत नास्तिक किती असतील? थोडेच. ही पूजाअर्चा, नमाज, प्रार्थना करणारी माणसं होती. 'संस्थापक धार्मिक होते' हे वाक्य खरंच आहे. पण आपली श्रद्धा दुसऱ्याच्या सहीखाली घालायची नाही, हेही त्या धार्मिक माणसांनीच ठरवलं.

आता समोरच्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकू. ते म्हणतात, घटनेच्या चित्रित प्रतीत राम-सीता-लक्ष्मण आहेत. हो, आहेत. बुद्ध, महावीर, अकबर, शिवाजी महाराज आणि टिपूही आहेत. ते म्हणतात, हिंदी प्रतीत विक्रम संवत्सराची तिथी आहे. तीही आहे. आणि म्हणतात, 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द १९७६मध्ये घातला, मूळचा नव्हे. हेही बरोबर. उलट, के. टी. शहांनी १९४८मध्येच तो शब्द सुचवला होता आणि सभेने तो घेतला नाही. म्हणजे सभेने कपाळावर 'ईश्वर'ही लिहिलं नाही आणि 'सेक्युलर'ही लिहिलं नाही. मग घटनेचं मन कुठे शोधायचं? कलमांत.

कलमांत काय दिसतं? सतराव्यात अस्पृश्यता संपवली. पंचविसाव्यात प्रत्येकाला आपला धर्म मानायचं स्वातंत्र्य दिलं आणि त्याच कलमात सांगितलं की सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करणारा कायदा राज्याला करता येईल. अमेरिकेच्या घटनेत असं काही सापडणार नाही. तिथे राज्याने चर्चपासून लांब राहावं हा मुद्दा होता. इथे अंबादेवीच्या पायरीवर थांबलेल्या माणसाचा प्रश्न थेट घटनेत शिरला. आपली घटना धर्माला पाठ दाखवत नाही, ती दरवाजा कोणासाठी उघडा आहे ते विचारते. १९२७मध्ये अमरावतीत विचारलेला प्रश्न हाच होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच. 'संस्थापक कोण होते' हा इतिहासाचा चांगला प्रश्न आहे, अवश्य विचारा. पण तो बहुतेक वेळा माहितीसाठी विचारला जात नाही. शेजाऱ्याला 'तू इथला खरा की पाहुणा' हे सुनवण्यासाठी विचारला जातो. तसा विचारला गेला, तर ऑगस्ट १९४९चा निर्णय त्याच्यासमोर ठेवा. हा प्रश्न तेव्हा याच शब्दांत मांडला गेला होता, मांडणारा आपल्याच जिल्ह्यातला मोठा माणूस होता, आणि तरीही उत्तर 'नाही' असं आलं.

आणि देव घटनेत कुठे भेटतो, ते शोधायचं असेल तर तिसरी अनुसूची उघडा. मंत्री शपथ घेतात तेव्हा तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेल. कोणी 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणतो, कोणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतो. दोन्ही पर्याय छापलेले आहेत, शेजारी शेजारी. काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पुढची ओळ मात्र दोघांना सारखीच आहे, संविधानाशी निष्ठा राखण्याची.

आता प्रश्न घेऊ.