गळती नेमकी कुठून?

पावसाळ्यात सुवर्णपत्र विद्युतदर्शीचा प्रयोग नीट होत नाही, हा बहुतेक विज्ञान शिक्षकांचा अनुभव आहे. घासलेली पट्टी तबकडीला लावली की पाने क्षणभर फाकतात आणि लगेच मिटतात. ‘हवा दमट आहे’ असे सांगून आपण प्रयोग हिवाळ्यावर ढकलतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ते का अपुरे आहे हे कळायला भौतिकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा हा इतिहास.

आधी एक हिशेब करू. विद्युतदर्शीची धारिता साधारण १० पिकोफॅरड असते. पाने धरून ठेवणाऱ्या रोधकाचा रोध एक लाख कोटी ओहम आहे असे मानू. घरातल्या विजेच्या दृष्टीने हा रोध प्रचंड आहे. तरीही या दोहोंचा गुणाकार केला तर येतात फक्त १० सेकंद. म्हणजे १० सेकंदांत जवळजवळ दोन-तृतीयांश प्रभार निघून जाईल! प्रभार तासभर टिकवायचा तर रोध याच्याही शेकडो पट हवा. काचेवर साचलेला पाण्याचा अदृश्य पापुद्रा हे सारे बिघडवतो. काचेतील अल्कधर्मी क्षार आणि धुळीतील मीठ त्या पाण्यात विरघळतात आणि विजेला वाट मिळते. धूळ आणि ओलावा अशी एकमेकांना मदत करतात.

शार्ल कूलॉम यांनी १७८५ साली प्रभारांमधील बलाचा नियम मांडला. त्यांचा पीळ-तराजू काचेच्या नळकांड्यात बंद होता. त्याच सुमारास त्यांनी प्रभार कसा कमी होत जातो याचाही पद्धतशीर अभ्यास केला. गळतीच्या वाटा दोन, असे त्यांचे मत होते: एक आधारावरून, दुसरी हवेतून. आधारावरची वाट बंद करण्यासाठी त्यांनी लाखेचा उपयोग केला. हवेतील गळतीचे खापर मात्र बाष्पावर फुटले आणि ही समजूत पुढे दीर्घकाळ टिकली.

एकोणिसाव्या शतकात उपकरणे कोरडी ठेवण्याची कला फार पुढे गेली. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या विद्युतमापीच्या तळाशी तीव्र सल्फ्युरिक आम्ल असे. ते आतल्या हवेतील बाष्प शोषून घेई आणि तेच लायडन बरणीच्या आतल्या पत्र्याचेही काम करी. १८८९ साली चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी वितळवलेल्या क्वार्ट्झची दांडी वापरून पाहिली. भोवतीची हवा बाष्पाने भरलेली असतानाही ती उत्तम रोधक ठरली. म्हणजे दोष हवेतल्या बाष्पापेक्षा काचेच्या पृष्ठभागाचा जास्त होता.

आता आधार सुधारले, हवाही कोरडी झाली. तरी प्रभार हळूहळू कमी होतच होता. या उरलेल्या गळतीकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांत दोन शाळाशिक्षक होते. युलियस एल्स्टर आणि हान्स गायटेल हे जर्मनीतील वोल्फेनब्युटेल गावच्या माध्यमिक शाळेत शिकवत. १८९९ च्या सुमारास त्यांना उलटेच दृश्य दिसले. धुक्याच्या किंवा धुळकट हवेत प्रभार सावकाश जात होता आणि डोंगरावरच्या स्वच्छ हवेत लवकर! बाष्प आणि धूळ प्रभार वाहून नेत असती तर असे झाले नसते. हवेत मुळातच आयन असतात, हा त्यांचा निष्कर्ष. धुळीच्या कणांना किंवा धुक्याच्या थेंबांना चिकटले की आयन जड होतात आणि त्यांचा वेग मंदावतो. म्हणून धूळ रोधकावर बसली की गळती वाढते, पण हवेत तरंगत राहिली तर कमी होते.

आधारावरची शंका पुरती मिटवली ती केंब्रिजच्या सी. टी. आर. विल्सन यांनी. त्यांनी सोन्याचे पान गंधकाच्या लहानशा मण्याने एका दांडीला टांगले आणि दांडीचा विभव पानाच्या सुरुवातीच्या विभवाइतका किंवा थोडा जास्त ठेवला. आता मण्यावरून गळती झालीच तर प्रभार पानाकडे येईल, पानाकडून जाणार नाही. तरीही पानाचा प्रभार घटला. मग तो हवेतूनच जात असला पाहिजे! १९०१ साली विल्सन यांनी, हे आयन वातावरणाबाहेरून येणाऱ्या प्रारणामुळे होत असतील का, असाही विचार केला. ते उपकरण घेऊन स्कॉटलंडमधील एका रेल्वे बोगद्यात गेले. तेथे गळती कमी झाली नाही, तेव्हा त्यांनी ती कल्पना सोडून दिली.

कल्पना मात्र बरोबर होती. फक्त बोगद्यातील खडकांचे स्वतःचे किरणोत्सर्जन तो फरक झाकून टाकायला पुरेसे होते. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हवाबंद विद्युतमापी घेऊन बलूनमधून ५,००० मीटरहून उंच गेले. वर आयनीभवन जमिनीपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. हेच विश्वकिरण. या शोधासाठी हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ओलावा आणि धूळ अडवण्याचे काम कंटाळवाणे खरे. परंतु ते इतक्या काटेकोरपणे झाले नसते, तर उरलेली बारीक गळती ‘दमट हवा’ या सबबीखाली कायमची दडून राहिली असती.

वर्गातही ही सबब तपासता येईल. रोधक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा आणि नंतर त्याला बोट लावू नये, कारण घामात मीठ असते. बरणीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. मग रोधकाजवळ ६० वॅटचा दिवा काही मिनिटे धरून तो कोमट करावा. पाने किती सेकंद फाकलेली राहतात, हे प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्यांना मोजून लिहू द्यावे. बाहेर पाऊस पडतच असेल, खोलीतली हवाही दमटच असेल; तरी पाने अधिक वेळ फाकलेली राहिली, तर गळती कुठून होत होती हे विद्यार्थीच सांगतील. त्यानंतर विचारावे: आता जी थोडी गळती उरली आहे, ती कशामुळे?