कोणते पाटील?

दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात उभे राहून नुसती ‘पाटील’ अशी हाक मारा, निम्मा बाजार मागे वळून पाहील. हा विनोद जुना आहे. पण जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडून बसणाऱ्याला तो विनोद वाटत नाही. कागदावर ‘श्री. पाटील’ एवढेच छापलेले असते, आणि कितीही हाका मारल्या तरी ते काही मागे वळत नाहीत.

मी स्वतः फसलो ती गोष्ट आधी सांगतो. नोकरी नवी होती. दोंडाईच्याच्याच शिंदखेडा तालुक्यात चिमठाणे हे गाव आहे. तेथे 14 एप्रिल 1944 रोजी क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. त्या कामातले एक पुढारी डॉ. उत्तमराव पाटील. पुढे 1957 च्या निवडणुकीची एक बातमी माझ्या हाती आली : पश्चिम खानदेशातून उत्तमराव पाटील लोकसभेवर. झाले! वर्गात मी ऐटीत सांगून टाकले की, ज्याने तेरा वर्षांपूर्वी सरकारचा खजिना लुटला तोच पाहा, संसदेत जाऊन बसला. मुले खूष, मीही खूष. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा उभा राहिला. म्हणाला, “सर, ते वेगळे. ते डॉक्टर नव्हते.”

मुलाचेच खरे होते. लोकसभेत गेले ते उत्तमराव लक्ष्मण पाटील, भारतीय जनसंघाचे. त्या वर्षी जनसंघाचे साऱ्या देशात चारच खासदार निवडून आले, त्यांतले हे एक. नाव एक, आडनाव एक, मुलूख एक. माणसे मात्र दोन. बातमीत ‘डॉ.’ नव्हते, बापाचे नाव नव्हते, आणि मी दोघांची आयुष्ये एकाच दोऱ्यात ओवून मोकळा झालो. एकाचे धाडस दुसऱ्याच्या खाती जमा केले, आणि दुसऱ्याने मते मागत केलेली पायपीट पहिल्याच्या खाती.

आता असे होते का, ते पाहा. पाटील हे मुळात आडनावच नव्हे, तो हुद्दा. सारा वसुलीत आणि गावच्या बंदोबस्तात पाटील पुढे. वतन पिढीजात, त्यामुळे एकाच्या हुद्द्याचे नाव साऱ्या भाऊबंदांना चिकटले, आणि शाळेच्या दाखल्यावर ते पक्के झाले. खानदेशात मराठे पाटील लावतात, लेवा लावतात, गुजर लावतात, राजपूतही लावतात. जळगावातून 1962 साली आमदार झालेल्या आणि 2007 साली राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील राजपूत घराण्यातल्या. तेव्हा आडनावावरून नाते जुळवायला जाणे म्हणजे सगळ्या मास्तरांना एका घरचे समजण्यासारखे आहे! पुढे पिढीजात पाटीलकी गेली. 1967 च्या कायद्यानंतर पोलीस पाटील नेमला जाऊ लागला. आता पोलीस पाटील एखादा गिरासे असायचा आणि आडनावाचा पाटील शेजारी शेती करीत असायचा. बातमीत दोघेही ‘पाटील’च.

बायकांचे तर विचारूच नका. डॉ. उत्तमरावांच्या पत्नी लीलाताई पाटील 1942 च्या लढ्यात स्वतः उतरल्या, तुरुंगात गेल्या. पण छापणाऱ्याने ‘सौ. पाटील’ एवढेच जुळवले, की पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्या कोण हे कळायचे कसे? ज्यांच्यावर पुस्तके निघाली त्यांचे निभावते. सभेत अध्यक्षांना हार घातला म्हणून एकदाच ज्याचे नाव छापून आले, तो पाटील कायमचा गर्दीत हरवतो.

आमच्या भागातली म्हातारी माणसे याबाबतीत वार्ताहरांपेक्षा हुशार. अहिराणीत ती आडनाव विचारीत नाहीत, सरळ विचारतात, “तू कोना पोऱ्या शेस?” कोणाचा मुलगा तू? मग गाव, मग आजोळ. तीन प्रश्नांत माणूस जागेवर.

हल्ली मी तेच करतो. ‘पाटील’ दिसला की वहीत समोर दोन रकाने पाडतो : बापाचे नाव आणि गाव. दोन्ही भरले तरच दोन बातम्या एकमेकींना जोडायच्या. त्या मुलाने मला दुरुस्त केले त्या दिवसापासूनची ही वही आहे. तिच्यातले बरेचसे रकाने अजून कोरे आहेत. वाचकहो, तुमच्या घरच्या पेटीत आजोबांच्या नावाचे एखादे पिवळे कात्रण असेल, तर त्याच्या मागे पेन्सिलीने एवढे दोन शब्द आजच लिहून ठेवा.