‘जी उत्तर’ : एका विभागाची हकीकत

परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी येलदरी नावाचे गाव आहे. तेथील धरणामुळे ते नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. तेवढ्या गावातही ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी प्रभाग पाडावे लागतात. पण तेथे प्रभाग म्हणजे चारदोन आळ्या, आणि सभासद म्हणजे रोज दारावरून जाणारा माणूस. त्याला हाक मारून गाऱ्हाणे सांगता येते. मुंबईसारख्या शहरात मात्र विभागाला नाव नसते, अक्षर असते. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी ती अक्षरमाला आहे, व कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत शहराचे असे तुकडे केलेले आहेत. त्यांतील एकाची हकीकत आज आपणापुढे सांगावयाची आहे. त्याचे नाव ‘जी उत्तर’. दादर स्थानकाच्या पश्चिमेस, प्लाझा चित्रपटगृहाच्या मागे त्याची कचेरी आहे. दादरचा पश्चिम भाग, शिवाजी पार्क, माहीम आणि धारावी एवढा मुलूख या कचेरीच्या हाताखाली येतो. २०११ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती सुमारे सहा लाख भरली. आपल्याकडील कित्येक जिल्ह्यांची मुख्य शहरे याहून लहान आहेत.

आज हा भाग शहराच्या मध्यावर आला असला तरी एका काळी तो शहराबाहेरचा होता. मूळ वसती माहीमची. बिंब राजाने येथे आपली राजधानी केली अशी परंपरागत समजूत आहे. पंधराव्या शतकातील विद्वान सूफी मखदूम अली माहिमी यांचा दर्गा येथेच आहे. पोर्तुगीज आले, त्यांनी चर्चे बांधली. पुढे इंग्रजांचा अंमल बसला, तरी माहीम हे बेटाचे उत्तर टोकच राहिले. पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा इंग्रजांस धाक पडला. त्याच सालचा, गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या नावाचा शिलालेख धारावीच्या काळ्या किल्ल्यावर आहे. हा किल्ला आज घरांच्या दाटीत असा बुडून गेला आहे की शोधीत जाणारासही तो चटकन सापडत नाही.

खाडी ओलांडावयाची तर नावेखेरीज साधन नव्हते. सर जमशेदजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले व १८४५ साली माहीमची सडक खुली झाली. येणाऱ्याजाणाऱ्यांपासून जकात घ्यावयाची नाही अशी अट देणगीबरोबर होती. बाईंचे नाव रस्त्याला राहिले आहे. ती अट आता कोणाच्या स्मरणात आहे असे दिसत नाही.

या भागाचे रूप खरे पालटले ते प्लेगाने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत पहिला रोगी आढळला आणि काही महिन्यांतच शहर ओस पडू लागले. सरकारने १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला व १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. दाट वस्त्या पाडावयाच्या, रुंद रस्ते काढावयाचे आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर हवेशीर वसाहती आखावयाच्या, असे या ट्रस्टचे धोरण होते. रेल्वेच्या पूर्वेस दादर-माटुंग्याची आखणी यातूनच झाली, आणि तिचे वळण पुढे पश्चिमेकडील माहीमच्या बाजूनेही गिरवले गेले. भातखाचरे, नारळीची बने आणि पाणथळ जागा जाऊन तेथे दोन-तीन मजली गच्चीच्या इमारती उठल्या. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत वाढलेला मराठी कारकून, शिक्षक, वकील येथे येऊन ‘ब्लॉक’मध्ये राहू लागला. त्याच्या जीवनातील हे केवढे स्थित्यंतर! सार्वजनिक नळावरचे भांडण जाऊन घरात स्वतःचा नळ आला. पण कठड्याला टेकून साऱ्या मजल्याशी होणाऱ्या गप्पाही त्याबरोबर गेल्या.

या वसाहतीच्या मधोमध १९२५ साली एक विस्तीर्ण मैदान खुले झाले. त्याचे पहिले नाव माहीम पार्क. १९२७ साली शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्ताने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. हे घडवून आणण्यात पुढाकार होता अवंतिकाबाई गोखले यांचा. पालिकेतील पहिल्या स्त्री-सभासदांपैकी त्या एक. आपल्याकडे नगरपित्याविषयी बोलताना बहुधा कुचेष्टेचा सूर निघतो. म्हणून एका सभासद बाईंनी करून ठेवलेले हे काम मुद्दाम सांगावेसे वाटते. जाता जाता हेही सांगून टाकतो की तीनशे वर्षांचा तो हिशेब १६२७ ही जन्मसाल धरून केलेला होता. आज सरकारमान्य तिथी १९ फेब्रुवारी १६३० ही आहे. इतिहासकारांचे मत बदलले, मैदानाचे नाव मात्र पक्के झाले. त्या मैदानावर पुढे किती सभा गाजल्या याची गणती करीत नाही. जवळच चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले, आणि आजही प्रतिवर्षी ६ डिसेंबरास चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात व याच मैदानावर मुक्काम करतात. त्या दिवशी विभागाची कचेरी साऱ्या महाराष्ट्राची यजमान असते.

आता रेल्वेचे रूळ ओलांडून धारावीकडे वळावयाचे. अक्षर तेच, कचेरी तीच. धारावी हा मुंबईच्या जुन्या मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक. खाडीत गाळ साचत गेला आणि मासेमारी खालावली. शहराला ज्या धंद्यांचा वास सहन होत नव्हता ते चामडे कमावण्याचे धंदे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आले व त्यांच्यामागून तमिळ मजूर आले. सौराष्ट्रातील कुंभारांनी येथे भट्ट्या घातल्या; तो कुंभारवाडा आजही धूर सोडतो आहे. म्हणजे ज्या काळात रुळांच्या एका बाजूस स्वच्छ हवेसाठी वसाहती आखल्या जात होत्या, त्याच सुमारास शहराची घाण दुसऱ्या बाजूस लोटली जात होती. दोन्ही गोष्टी एकाच हातांनी केल्या, आणि ही गोष्ट शिवाजी पार्कच्या इतिहासात आपण सहसा सांगत नाही.

या दोन बाजूंमधील भेद केवळ घरांचा नव्हता, मताचाही होता. मुंबईत करदात्यांस निवडणुकीचा हक्क १८७२ च्या कायद्याने मिळाला. १८८८ च्या कायद्याने पालिकेची घडी बसली. १९२२ साली भाडेकऱ्यांपर्यंत तो हक्क पोचला. परंतु ज्याच्या झोपडीची कोठे नोंदच नाही तो ना करदाता, ना भाडेकरी. विभागाच्या नकाशात तो होता, यादीत नव्हता. प्रौढ मतदानाने पालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली, तेव्हा कोठे चामड्याच्या कारखान्यातला मजूर आणि ब्लॉकमधला वकील एका रांगेत उभे राहू शकले.

मत मिळाले तरी जमिनीवरचा हक्क मिळाला नाही. १९७१ साली झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला. १९७६ च्या जानेवारीत झोपड्यांची शिरगणती होऊन छायाचित्रासह ओळखपत्रे दिली गेली. ज्याच्याजवळ ते पत्र, तोच या शहराचा. आज पुनर्विकासाची योजना चालली आहे तीतही १ जानेवारी २००० ही तारीख उंबरठ्यासारखी आहे. तिच्या आधी तळमजल्यावर राहत असल्याचा पुरावा ज्याच्यापाशी आहे त्याला धारावीतच घर, आणि इतरांचे ठिकाण दुसरे. म्हणून येथील बायका जुनी वीजबिले व रेशनकार्डे दागिन्यांसारखी जपून ठेवतात.

२०२० च्या एप्रिलात कोरोनाचा पहिला रोगी धारावीत सापडला तेव्हा पुष्कळांनी या वस्तीची आशा सोडली होती. सरकारच्या हाती कायदा होता तोच, १८९७ चा. पण या वेळी वस्ती पाडण्याची भाषा निघाली नाही. ‘जी उत्तर’च्या कचेरीने गल्लोगल्ली ताप तपासण्याची शिबिरे उघडली, खाजगी डॉक्टरांस बरोबर घेतले, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी ताब्यात घेतली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव जगापुढे उदाहरण म्हणून घेतले. प्लेगच्या दिवसांत घरझडतीला येणाऱ्या शिपायांपुढे दारे लावून बसणारे शहर हेच होते. या वेळी दारे उघडली, कारण आत येणारांत त्याच गल्लीतले डॉक्टर आणि कार्यकर्ते होते.

आणि नंतरची गोष्ट अशी की, मार्च २०२२ मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली व निवडणूक लांबणीवर पडली. २०२३ गेले, २०२४ गेले. कारभार प्रशासकाकडे होता. धारावीच्या भवितव्याचे मोठे निर्णय याच काळात होत होते. १९४८ साली जो मजूर यादीत आला, त्याचे नातू त्या वर्षांत यादीत होते, पण प्लाझामागच्या कचेरीत त्यांच्या वतीने बोलणारा निवडलेला सभासद एकही नव्हता.