दिवस गेल्यानंतर

स्त्रीला दिवस गेले म्हणजे घरात आनंदीआनंद झाला, असे आपण गृहीत धरून चालतो. त्यातून ते दिवस जर आठ-दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, डॉक्टरांचे उंबरे झिजवून आणि पुष्कळ पैसा खर्चून आलेले असले, तर मग त्या आनंदाला सीमाच उरू नये, असा आपला साधा हिशेब असतो. हा हिशेब अनुभवाला उतरत नाही. शरीराबाहेर गर्भ जुळवून तो उदरी रुजविण्याचे शास्त्र मानवाला १९७८ साली साधले. तेव्हापासूनच्या अशा गर्भारपणांचा इतिहास चाळून पाहिला, तर त्यात आनंदाच्या जोडीला भय, संकोच आणि मौन ही पदोपदी भेटतात. त्या इतिहासातील डॉक्टरांची नावे आपल्याला ठाऊक असतात, जन्मलेल्या मुलींची नावेही ठाऊक असतात. मधल्या नऊ महिन्यांचा विचार मात्र अभावानेच होतो. आज त्या नऊ महिन्यांविषयी बोलावयाचे आहे.

लेस्ली ब्राउन ही इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरची एक सामान्य स्थितीतील स्त्री. तिच्या दोन्ही बीजवाहिन्या बंद झालेल्या होत्या, आणि नऊ वर्षे वाट पाहूनही मूल झाले नव्हते. ओल्डहॅम येथे पॅट्रिक स्टेप्टो हे शल्यविशारद, केंब्रिजचे रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी हे तिघे या विषयावर कित्येक वर्षे खपत होते. १९७७ च्या नोव्हेंबरात त्यांनी लेस्लीचे बीजांड काढून काचपात्रात त्याचे फलन घडविले आणि तो गर्भ तिच्या गर्भाशयात ठेवला. गंमत अशी की, आपल्या आधी हा प्रयोग कोणावरही सफल झालेला नाही, याची त्या बाईला कल्पनाच नव्हती. अशी शेकडो मुले जन्माला आली असतील, असेच ती समजत होती. तिने व तिच्या पतीने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात हे नमूद आहे. तिला सारे स्पष्ट सांगावयास हवे होते, असे आज कोणीही म्हणेल, आणि ते खरेच आहे. तथापि मला राहून राहून असे वाटते की, त्या अज्ञानाने तिचे पहिले काही महिने तरी सुसह्य केले असतील.

कारण प्रत्यक्ष स्थिती फार निराळी होती. १९६९ ते १९७८ या काळात ओल्डहॅमला या प्रयोगासाठी २८२ स्त्रिया पुढे आल्या. त्यांपैकी गर्भ राहिला तो केवळ पाच वेळा, आणि मूल पदरात पडले ते दोघींच्या. एक लेस्ली, दुसरीचा मुलगा १९७९ च्या जानेवारीत जन्मला. १९७६ साली एकीला दिवस गेले होते, पण तो गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीतच वाढू लागला आणि तेथेच सारे संपले. ज्या दवाखान्यातून शेकडो स्त्रिया रित्या ओटीने परतल्या, तेथे एखादीची ओटी भरली तर तिने ती किती जपून न्यावी! लेस्लीच्या पुढील महिन्यांत वृत्तपत्रांचा ससेमिरा लागला. तिला रुग्णालयात दुसऱ्या नावाने ठेवावे लागले. वार्ताहर वेषांतर करून आत शिरू पाहत होते. एकदा तर बॉम्ब ठेवल्याची खोटी आवई उठली आणि इमारत रिकामी करावी लागली. अखेरीस तिचा रक्तदाब वाढला, आणि ठरल्या दिवसाच्या आधीच, २५ जुलै १९७८ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास, शस्त्रक्रिया करून लुईझचा जन्म झाला.

वार्ताहरांचा उपद्रव प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही, परंतु भय येते. त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. ज्या स्त्रीला महिन्यामागून महिना निराशाच मिळाली, तिच्या मनाने एक शिस्त लावून घेतलेली असते: आशा करावयाची नाही. ही शिस्त तिला त्या वर्षांत तारून नेते. मग एके दिवशी रक्ताच्या तपासणीचा निकाल अनुकूल येतो, आणि ज्या कवाडाला तिने आतून अडसर घातला होता ते एका क्षणात उघडावे अशी सर्वांची अपेक्षा असते. ते उघडत नाही. ती तारखा मोजते. सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाची हालचाल पडद्यावर दिसली की घटकाभर हायसे वाटते, आणि घरी पोहोचेपर्यंत पुन्हा शंका येते. गर्भ टिकावा म्हणून दिलेली प्रोजेस्टेरॉनची औषधे तिसऱ्या महिन्याच्या आसपास थांबवितात. वैद्यकाच्या दृष्टीने हे प्रगतीचे चिन्ह. तिला मात्र आधाराची काठी काढून घेतल्यासारखे होते. बाळाची अंगडी-टोपडी शिवावयाची नाहीत, नावाचा विचार करावयाचा नाही, पाळण्याकडे पाहावयाचे नाही, असे ती स्वतःला बजावते. हे तिचे निर्विकारपण पाहून सासू म्हणते, ‘एवढ्या नवसाने मिळाले, आणि हिच्या तोंडावर हसू नाही.’

आणखी एक गाठ आहे. साध्या गर्भारणीला कुरकुर करण्याची मुभा असते. अन्न नको वाटते, कंबर धरते, झोप येत नाही, हे ती चारचौघींत बोलून दाखविते आणि चारचौघी तिचे लाड करतात. जिने हे गर्भारपण मागून, झगडून घेतले, तिला मात्र वाटते की आपल्याला तक्रारीचा अधिकारच नाही. शिवाय दवाखान्याच्या बाकावर वर्ष वर्ष शेजारी बसलेल्या मैत्रिणी मागेच राहिलेल्या असतात. त्यांना ही बातमी कोणत्या तोंडाने सांगावी? ती आता त्यांच्यातली उरलेली नसते आणि लेकुरवाळ्यांतलीही झालेली नसते. पतीचीही अवस्था फारशी निराळी नसते, परंतु त्याने धीर द्यावा असा संकेत असल्यामुळे तो बोलत नाही, इतकेच.

या विषयावर जगभर झालेल्या अभ्यासांचा एक व्यापक आढावा २००८ साली ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन अपडेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भाच्या जिवाविषयीची चिंता अशा स्त्रियांत अधिक असते, असाच त्याचा निर्वाळा आहे. मात्र बाळावरील त्यांची माया इतरांहून उणी नसते, हेही त्यात दिसून आले. तेव्हा त्या सासूने पाहिलेले निर्विकारपण हे मायेचा अभाव नव्हे. मायेवर घातलेले ते पांघरूण होय.

आपल्या जुन्या लोकांना मनाच्या या संथ गतीची जाण असावी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, असे म्हटले आहे, पण ते पहिल्या दिवसापासून नव्हे. गर्भाचे हृदय व्यक्त झाल्यावर. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच कुळातला. पहिले तीन महिने बाहेर वाच्यता करू नये, चोरओटी घरातल्या घरात भरावी, मोठे डोहाळजेवण सातव्या महिन्यात करावे, या रूढींना आपण अंधश्रद्धा म्हणून हसतो. परंतु सुखाची सवय पायरीपायरीने व्हावी, ही सोय त्यांत होतीच. अर्थात याच चालीरीतींनी निपुत्रिक स्त्रीला हळदीकुंकवाच्या कोपऱ्यात बसविले, हेही विसरून चालणार नाही. जी कालपर्यंत त्या कोपऱ्यात बसत होती, तिला आज फुलांच्या वाडीत मधोमध बसविले, तर ती संकोचली नाही तरच नवल.

या संकोचाने आपल्या देशात एक फार मोठे मोल घेतले आहे. लुईझच्या जन्मानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात दुर्गापूजेच्या दिवसांत एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांचे दोन सहकारी यांनी हा प्रयोग केला होता. त्यांच्या निवेदनाप्रमाणे तो गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवून मग मातेच्या उदरी स्थापिला होता. गोठविलेल्या गर्भापासून मूल होण्याची जगाने मान्य केलेली पहिली घटना मेलबर्नची, आणि ती १९८४ सालची, यावरून या कार्याची थोरवी ध्यानात यावी. परंतु मुलीच्या आईबापांना लोकापवादाची धास्ती होती. आपले नाव बाहेर फुटू नये ही त्यांची इच्छा, आणि डॉक्टरांनी ती पाळली. जगापुढे ती मुलगी ‘दुर्गा’ एवढ्याच नावाने आली. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे तज्ज्ञ होते. समितीने डॉक्टरांचा दावा धुडकावला. परदेशी जाऊन आपले काम मांडण्यास त्यांना परवानगी मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

त्या आईबापांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ‘हे मूल काचेच्या नळीतले’ अशी कुजबूज लेकराच्या पाठीशी जन्मभर लागावी, हे कोणाला रुचेल? त्यांनी पोरीला जपले, आणि डॉक्टरांनी दिलेला शब्द जपला. दोष होता तो विश्वास न ठेवणाऱ्यांचा. २००३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कनुप्रिया अगरवाल या आपल्या खऱ्या नावाने ती ‘दुर्गा’ लोकांसमोर आली. तत्पूर्वीच, १९९७ साली, डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासून त्यांना श्रेय द्यावे असे ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले होते. हे आनंदकुमार कोण? मुंबईत परळला ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला, त्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या बरोबरीचे भागीदार. तोवर देशातील पहिली मुलगी हर्षाच समजली जात होती. स्वतःच्या यशाचा पहिला क्रमांक असा आपण होऊन दुसऱ्याला देणारे शास्त्रज्ञ थोडे.

के. ई. एम. हे महापालिकेचे रुग्णालय. तेथील यशाची वार्ता गावोगाव पोहोचली आणि पुढील काळात असे उपचार करणारी केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पसरली. उपचार चालू असता स्त्रीला तेथे दोन-तीन दिवसांआड बोलावतात. सुया, तपासण्या, डॉक्टरांचे चार शब्द यांची तिला सवय होऊन जाते. गर्भ स्थिरावला की तिला नेहमीच्या प्रसूतितज्ज्ञांकडे सोपवितात, आणि तेथे महिन्याकाठी एक फेरी. नेमक्या ज्या आठवड्यांत तिला सोबत हवी, त्याच आठवड्यांत ती एकटी पडते. २०२१ साली संसदेने या उपचारांविषयी कायदा केला. उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता यांविषयी जोडप्याला समुपदेशन द्यावे, असे बंधन त्याने केंद्रांवर घातले आहे. हे योग्यच झाले. परंतु हे समुपदेशन उपचार घ्यावा की नाही, हे ठरविण्यासाठी आहे. उपचार फळाला आल्यावर पुढे काय, हे तिला विचारणारे कोणी हवे. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. उपचार-केंद्रातील परिचित परिचारिकेने पहिल्या तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा दूरध्वनी करावा, औषधे थांबविताना ती का थांबवीत आहोत हे शांतपणे सांगावे, आणि नवऱ्यालाही समोर बसवावे, एवढ्याने पुष्कळ होईल. घरच्या मंडळींनी डोहाळजेवणाचा मुहूर्त काढण्यापूर्वी तिला एकदा विचारावे. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये, आणि आठव्या महिन्यात आपण होऊन म्हणाली, तर तेव्हा करावे.