हाक आली, पण दम आहे का?

आजच्या भागात इतिहास आहे, पण राजे-महाराजे नाहीत. आज आहेत नोकरी, शेत, दुकान सांभाळून आगीकडे धावणारी माणसं. आणि एक साधा प्रश्न : अशा माणसाचं शरीर किती तयार असायला हवं?

सुरुवात आपल्या नगरपासून. 6 नोव्हेंबर 2021, शनिवार, भाऊबीज. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि कोरोनाचे 11 रुग्ण गेले. त्या दिवसाची चर्चा झाली ती वायरिंगची, तपासणीची, जबाबदारीची. व्हायलाच हवी होती. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑक्सिजनवर असलेला माणूस उठून पळत नाही. त्याला उचलावं लागतं. धुरात, मिनिटा-दोन मिनिटांत. साठ-सत्तर किलोचं वजन, आणि श्वास घ्यायला हवा नाही.

आता मागे जाऊ. 6 डिसेंबर 1946. मुंबईत दंगली पेटलेल्या. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री. पोलिसांच्या मदतीला सामान्य नागरिकांचं दल उभं राहिलं, ते होमगार्ड. 1947 मध्ये त्याचा कायदा झाला, 1962 च्या चीन युद्धानंतर देशभर त्याची नव्याने बांधणी झाली. ब्रीद काय, तर ‘निष्काम सेवा’. बंदोबस्ताबरोबर आग, पूर, अपघात हीसुद्धा त्यांची कामं.

गंमत बघा, हे दल पहिल्यापासून बिझी माणसांसाठीच होतं! होमगार्डला महिन्याचा पगार नसतो. बोलावलं त्या दिवसाचा भत्ता, बाकी दिवस आपापला धंदा. तरीही भरतीला गेलात तर मैदान चुकत नाही. वय 20 ते 50. पुरुषांना 1600 मीटर धावणं, महिलांना 800 मीटर, शिवाय गोळाफेक. म्हणजे राज्य सांगतं की बाबा, तू पूर्णवेळ जवान नाहीस हे मान्य, पण दम पाहिजे.

इथे कोणी म्हणेल, ‘आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला व्यायाम शिकवता?’ बरोबर आहे, उसाची मोळी उचलणाऱ्याच्या ताकदीवर शंका घ्यायची नाही. पण आगीचं काम वेगळं. झोपेतून उठायचं आणि पुढच्या क्षणी जिवाच्या आकांताने पळायचं. हृदयाला तयारीला वेळच नाही. अमेरिकेत बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवकच आहेत. तिथल्या अग्निशामकांच्या मृत्यूंचा एक अभ्यास 2007 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांच्या कामाचा जेमतेम 1 ते 5 टक्के वेळ जातो, पण ड्युटीवर हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी 32 टक्के त्याच वेळात झाले. ज्वाळांनी नव्हे, हृदयाने दगा दिला.

हे आपल्याला का लागू? कारण अंतर. आपला जिल्हा 17,048 चौरस किलोमीटर, राज्यात सगळ्यात मोठा. अकोल्यातल्या डोंगरवाडीत वणवा उतरला, नेवाशात उसाच्या फडावर तारेची ठिणगी पडली, तर नगरपालिकेचा किंवा साखर कारखान्याचा बंब येईपर्यंत कोण? शेजारी. आता तर बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री नंबरवर बोललं की नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाईलवर तोच आवाज. पूर्वी देवळाची घंटा वाजायची, आज खिशातला फोन वाजतो. म्हणजे हाक एका सेकंदात पोचते. पाय मात्र जुन्याच वेगाने पोचतात.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. आपण शरीर तपासतो भरतीच्या मैदानावर, एकदाच. पंचविशीत 1600 मीटर मारलेले असतात. हाक येते चाळिशीत, पोट सुटल्यावर, दोन पोरांच्या फी भरता भरता. मैदान विसरलेलं असतं, नंबर मात्र यादीत असतो.

मग जिम लावायची का? गरज नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास भरभर चालणं, मध्येच पळणं. भरलेल्या दोन बादल्या घेऊन जिना चढणं. वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासणं. तंबाखू-सिगारेट बंद, कारण धुरात तीच फुप्फुसं लागतात. आणि ज्याला जमत नाही, त्याने लाजायचं नाही. विहिरीवरची मोटार चालू करणं, रस्ता मोकळा ठेवणं, 101 किंवा 112 ला फोन करून बंबाला वाट दाखवणं, हेही आगीचंच काम. दम लागलेला माणूस आत शिरला तर बाहेर काढायला दोघं लागतात.

तर आज घरी जाताना लिफ्ट सोडा, जिन्याने चढा. वर पोचल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का बघा. येत नसेल, तर उद्यापासून सुरुवात. पुढच्या भागात भेटू, काळजी घ्या!