वेज, दोरा आणि पक्कड : मणी ओवणाऱ्या हातांचा इतिहास

(कळवा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. इथे बसलेल्यांपैकी किती जणींचं मंगळसूत्र गेल्या दहा वर्षांत एकदा तरी तुटलं? बरेच हात वर आले. आता दुसरा प्रश्न. ते ज्याने पुन्हा गाठवून दिलं, त्याचं नाव किती जणींना सांगता येईल? एकही हात नाही. सोनाराचं नाव मात्र सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या पेढीचं, वडिलांचं, कधीकधी आजोबांचंसुद्धा.

आपण दागिन्यांचा इतिहास लिहितो तोही असाच, सोन्याच्या वजनावर. ठुशी किती तोळ्यांची, पुतळ्या कुणाच्या काळातल्या, नथीत मोती किती. पण दागिना अंगावर टिकतो तो भोकामुळे आणि दोऱ्यामुळे. भोक पाडणारा आणि दोरा ओवणारा, या दोघांच्या हातातल्या हत्यारांबद्दल आज बोलायचं आहे. आमच्या कळव्यातल्या घरात त्यातली काही हत्यारं होती, म्हणून मला या विषयाचं वेड लागलं, हे आधीच कबूल करते.

आधी शब्द पाहू. सुईच्या भोकाला आपण नेढं म्हणतो आणि मण्याच्या भोकाला वेज. बोलीत दोन वेगळ्या भोकांना दोन वेगळी नावं टिकून राहिली, म्हणजे या कामाशी लोकांचा किती रोजचा संबंध असेल बघा. ओवणे हे क्रियापद तर आपण थेट कवितेपर्यंत नेलं; ओवी हे नाव त्यावरूनच आलं असं मानतात.

आता जरा मागे जाऊ. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे आहे. आपल्याला ते ज्ञानेश्वरीमुळे माहीत. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या, साधारण ३००० वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता! दोरा कधी टिकत नाही. मातीत कापूस कुजतो, रेशीम कुजतं. इथे तांब्याला गंज चढला, त्या क्षारांनी जंतूंना जवळ फिरकू दिलं नाही, म्हणून चिमूटभर धागा वाचला. तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा निघाला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीलाही तांब्याचे मणी मिळाले, त्यांच्यात जवसाच्या झाडाचा धागा होता.

माझ्या दृष्टीने ही या प्रांतातली फार मोठी ऐतिहासिक साधनं आहेत. ताम्रपट नाही, शिलालेख नाही, दोन-चार मण्यांत अडकलेला दोरा. कुणीतरी तो निवडला होता. हाताशी काय आहे, कशाला पीळ बसतो, वेजातून काय जाईल, हा विचार करून निवडला होता. एका मेलेल्या लेकरासाठी. यापुढे मला काही बोलता येत नाही, म्हणून पुढे जाते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा व्यापार कुठे दिसतो? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून आपण ती ओळखतो. लेखकाचं नाव माहीत नाही. त्यात पैठणहून गाड्या भरभरून अकीकाच्या जातीचा दगड भडोचला जातो, अशी नोंद आहे. सोपारा आणि कल्याण ही नावंही आहेत. आणि एक गंमत आहे. चुकून कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो सांगतो. म्हणजे कल्याणला उतरायचं होतं आणि गाडी दुसरीकडेच गेली, हा अनुभव आपल्या पट्ट्यात २००० वर्षं जुना आहे. [हशा]

दगडाला भोक पाडणं हे त्या काळाचं अवघड तंत्र होतं. अकीक लोखंडापेक्षा कठीण, साधी सळई त्यावर घसरते. हडप्पा संस्कृतीतले कारागीर एका खास कठीण दगडाची टोकं वापरत. मार्क केनॉयर या अभ्यासकाने ती पद्धत करून पाहिली, तेव्हा तासाला सुमारे २.५ मिलिमीटर एवढीच प्रगती झाली. लांब मण्याला किती दिवस लागत असतील, हिशेब तुम्हीच करा. पुढे हिऱ्याची कणी लावलेलं टोक आलं आणि काम झटपट होऊ लागलं. गुजरातेत खंभातला ही पद्धत आपल्या काळापर्यंत चालत आली. मणी लाकडी पकडीत घट्ट बसवायचा, वरून थेंबथेंब पाणी, आणि धनुकलीच्या दोरीने सळई गरगर फिरवायची. आपले जुने सुतार ज्याला सामता म्हणत, त्याच घराण्यातलं हत्यार.

यात एक बारकावा आहे आणि तो आजही उपयोगी पडतो. वेज एका बाजूने आरपार पाडत नाहीत. अर्धं इकडून, अर्धं तिकडून. एकाच बाजूने गेलात तर पलीकडे टोक बाहेर पडताना कपची उडते. पण दोन बाजूंनी गेलात की मध्यभागी दोन भोकं जुळतात तिथे बारीकशी पायरी राहते. दोरा झिजतो तो बहुतेक वेळा तिथेच, आत, न दिसणाऱ्या जागी. म्हणून दगडी मण्यांची जुनी माळ बाहेरून ठणठणीत दिसते आणि एक दिवस अचानक तुटते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने मण्यांच्या अभ्यासात उभं आयुष्य घातलं. नक्षी उमटवलेल्या मण्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४९ सालचं, भारतीय काचेचा इतिहास १९६९ सालचा. पुरातत्त्वात मण्याचं वेज बघून काळाचा अंदाज बांधता येतो. आपण मात्र मण्याचा रंग बघतो आणि पुढे सरकतो.

मोत्यांकडे धावतं बघू. इराणच्या आखातातले बसऱ्याचे मोती मुंबईत येत, इथे निवडले जात, विंधले जात, रेशमात ओवले जात. मोती मऊ, अकीकासारखा नाही, पण एक चूक झाली की किंमत संपली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत हा धंदा जोरात होता. मग जपानचे संवर्धित मोती आले, १९२९ ची मंदी आली, आणि धंदा बसला. मोत्यांच्या माळेत दोन मोत्यांमध्ये गाठ मारतात, ती याच परंपरेतली. दोन कारणं आहेत. मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तर एकच मोती घरंगळतो, सगळी माळ नाही.

आता पटवेकरी. हा शब्द किती जणांनी ऐकलाय? पुण्याकडच्या मंडळींनी ऐकला असेल. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये गोंडे बनवणारी जात म्हणून पटवेकऱ्यांची वेगळी नोंद आहे. ज्यांना गोंडे बनवणारे म्हणून साहेबाने एका ओळीत उरकलं, ते दागिने गाठवत, रेशमावर जर गुंडाळत, तन्मण्याला, बाजूबंदाला दोरी लावत. त्यांची हत्यारं किती? एक खुंटी किंवा आकडा, सुई, कात्री, मेणाचा गोळा. आणि पायाचा अंगठा! रेशमाचा पेड अंगठ्यात अडकवून ताण धरायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आजच्या यंत्राच्या दुकानात ज्याला चिमटा किंवा व्हाइस म्हणून पैसे मोजाल, ते काम अंगठा करायचा. मेण का? पीळ सुटू नये, धागा घामाने फुगू नये आणि टोक ताठ होऊन सुईशिवायही मण्यात शिरावं, म्हणून.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. इंग्लंडमधल्या रेडिच गावाच्या पोलादी सुया जगभर गेल्या. आणि बोहेमियातून, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स परिसरातून, बारीक काचमणी जहाजं भरून येऊ लागले. जुन्या बायका ज्याला पोत म्हणतात, त्या बारीक मण्यांचा मोठा साठा असा परदेशी काचेचा होता. वाराणसीला आणि उत्तर प्रदेशात पुरदिलनगरला काचमणी होतात, पण एकसारखा बारीक दाणा ही बोहेमियाची, नंतर जपानची मक्तेदारी. बायका आजही मण्यांच्या नंबरात गोंधळतात, कारण हिशेब उलटा आहे. नंबर मोठा, दाणा लहान. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३ च्या आसपास. सुईचंही तसंच, १० नंबरपेक्षा १२ नंबरची सुई बारीक. ११ च्या मण्यातून दोरा तीनदा न्यायचा असेल तर १० ची सुई हट्टाने घालू नका. मणी फुटेल, आणि तो नेहमी ओळीच्या मधलाच फुटतो.

आता कळव्यात येते. ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, साठच्या दशकातली. मग बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहिले आणि कळवा कामगारांचं गाव झालं. माझे बाबा त्यातल्याच एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या कारखान्यात टाळेबंदी झाली तेव्हा आईने घरी माळा ओवायचं काम धरलं. भुलेश्वरहून एक माणूस किलोवर मणी आणून द्यायचा आणि डझनावर पैसे द्यायचा. तुटलेल्या मण्याचे पैसे कापायचा. मणी मुळात वाकड्या वेजाचे आले असले तरी कापायचा. चाळीतल्या सात-आठ जणी हे काम करत. रोजगाराच्या कुठल्याही नोंदीत त्यांचं नाव नाही. जनगणनेला आलेल्या माणसाला आई स्वतःच म्हणाली, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’ हे मी कानांनी ऐकलंय.

आईकडे पक्कड नव्हती. बाबांची होती, नाशिकला बनलेली टपारिया. या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडिश तंत्राच्या मदतीने नाशिकला हत्यारं बनवायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक वायरमनच्या खिशात ती पोचली. पण त्या पकडीच्या जबड्याला दात असतात. वायर घट्ट धरायला ते हवेतच. मण्याच्या कामात तेच दात तारेवर ओरखडे पाडतात, मुलामा निघतो, आणि माणूस डझनामागे पैसे कापतो. बाबांनी एका रविवारी कानस घेऊन ते दात घासून गुळगुळीत केले. घरात बसलेला माणूस, कामाला लागलेली बायको, आणि त्याने आपलं हत्यार तिच्या कामासाठी कायमचं निकामी केलं. आई त्या दिवशी काही बोलली नाही. रात्री जेवायला मात्र सुकटीची चटणी होती.

पुढे आईने दुसरी घेतली, गोल निमुळत्या तोंडाची, तारेचा डोळा वळवायला. कटर तिसरा. या तिघांवर तिने वीस वर्षं काढली. आज ऑनलाइन वीस नगांचा रंगीत संच मिळतो, त्यातली सतरा हत्यारं डबीतच राहतात. घेताना एवढं बघा: जबडे मिटले की टोकं तंतोतंत जुळतात का, मधून उजेड दिसतो का, आणि सांधा डुगडुगतो का. स्प्रिंग असेल तर दिवसभराच्या कामात अंगठा वाचतो. तांब्याच्या तारेच्या कटरने पोलादी तार कापू नका, धारेला खळगा पडतो आणि तो जन्मभर राहतो.

एक फजितीही सांगते. आईचं स्वतःचं मंगळसूत्र एका दुकानात गिअर वायरमध्ये ओवून घेतलं. नायलॉन चढवलेली पोलादी तार, तुटणार नाही म्हणाले. टोकाला बारीक लॉक दाबून बंद केलं होतं, तेही चुकीच्या पकडीने, कडेला धार राहिली. ठाणे स्टेशनला उतरताना गर्दीत हिसका बसला आणि तार त्या धारेवरच तुटली. वाट्या मिळाल्या, मणी फलाटभर. ज्या बाईने हजारो माळा ओवल्या, तिने स्वतःची मात्र दुसऱ्याकडे दिली होती. का, असं विचारलं तर म्हणाली, ‘दिवसभर तेच केल्यावर आपलं करायला डोळे कुठले उरतात?’

डोळ्यांचा प्रश्न तिथे कुणी मोजलाच नाही. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ नंबरचा करार १९९६ साली झाला. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

वेळ झाली आहे, एकच चिठ्ठी घेते. विचारलंय, ‘रोज वापरायच्या मंगळसूत्रासाठी दोरा कोणता?’ काचेच्या मण्यांच्या वेजाला धार असते, म्हणून आधी प्रत्येक मण्यातून दोरा मागे-पुढे ओढून बघा, केस उठले तर तो मणी बाजूला काढा. वाट्यांचं वजन जास्त असेल तर सोन्याची तार किंवा साखळी, हलकं असेल तर मेण लावलेला पिळाचा धागा दुहेरी. वर्षातून एकदा पुन्हा गाठवून घ्या, तुटायची वाट बघू नका. आणि गाठवणाऱ्याला वेज वाकडा असेल तर सांगायला सांगा. पैसे त्याला पूर्ण द्या.

बाबांची पक्कड मी बरोबर आणली आहे, टेबलावर ठेवते. बघायची असेल त्यांनी बघा, जबडा उजेडाकडे धरून बघा.