'चांगली' बिडी कोण ठरवतं?
"डॉक्टर, आमची बिडी चांगल्या मालाची असते," असं कळंबोलीच्या स्टील मार्केटमधले रुग्ण मला सांगतात. चांगली कुणी ठरवली? सोलापूर, सिन्नरला बायका पिढ्यानपिढ्या घरी बिड्या वळत आल्या. कारखान्यात पान, जाडी, वळण पाहून नापसंत बिड्या बाजूला काढत, ती 'छाट'. छाटीची मजुरी बुडे, भांडणं होत. शेवटी १९६६च्या बिडी-सिगार कामगार कायद्यात या वादांसाठीही तरतूद करावी लागली.

ही पारख मालाची. तुमच्या फुप्फुसांना पास बिडी आणि छाट सारखीच. तेंदूच्या पानातून हवा फारशी जात नाही, बिडी लवकर विझते. म्हणून तुम्ही जोरात, वारंवार ओढता. टार, कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातं. वळणाऱ्या बाईच्या श्वासात तंबाखूची धूळ जाते, ती न ओढताच.